पोटातल्या पेशी काय सांगतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोटाच्या कॅन्सरची शंका आली, की घरातली माणसं डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'नक्की कॅन्सरच आहे का?' आणि दुसरा, 'पसरलाय का?' पुढचं सगळं, म्हणजे ऑपरेशन करायचं की औषधं द्यायची, परळला जायचं की इथेच उपचार घ्यायचे, पैसा किती उभा करायचा, हे या दोन उत्तरांवर ठरतं. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा पोटात केलेल्या अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या छिद्रातून आणि काचपट्टीवर घेतलेल्या थेंबभर पेशींतून कशी मिळतात, ते आज मला सांगायचं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वे आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या कोपरीत माझी छोटी प्रयोगशाळा आहे. रक्त-लघवीच्या तपासण्या तिथे रोजच होतात. त्याखेरीज आणखी एक काम असतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातले सर्जन दुर्बिणीतून पोट तपासतात, तेव्हा कधीकधी मला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावतात. मी काचपट्ट्या, रंगांच्या बाटल्या आणि गरज पडली तर सूक्ष्मदर्शकही घेऊन जाते. रुग्णाला माझं तोंडही दिसत नाही, कारण तो भुलीखाली असतो. पण त्याच्या पोटातलं काय आहे, याचा पहिला अंदाज पुष्कळदा थिएटरच्या कोपऱ्यातल्या त्या टेबलावर बांधला जातो.

आधी पोटाची रचना थोडक्यात पाहू. जठर, आतडी, यकृत, पित्ताशय, असे बरेचसे अवयव एका गुळगुळीत, ओलसर, अतिशय पातळ अस्तराने झाकलेले असतात. पोटाची भिंतही आतून त्याच अस्तराने मढवलेली असते. याला पेरिटोनियम म्हणतात. हे अस्तर पूर्ण पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या अंगावरच्या त्वचेएवढं भरेल. जठराचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर अवयवाची भिंत पार करून बाहेर आला, की त्याच्या पेशी या पोकळीत सुटतात आणि वाफ्यात बी पडावं तशा इकडेतिकडे रुजतात. त्यांचे सुरुवातीचे दाणे बाजरीएवढे, कधी त्याहूनही लहान असतात.

इथे सीटी स्कॅनची मर्यादा येते. सीटी स्कॅन ही फार उपयोगी तपासणी आहे, तिच्याशिवाय आज पान हलत नाही. पण काही मिलिमीटरचे, पातळ थरासारखे पसरलेले दाणे तिला सहज चुकतात. ठाण्याहून कळव्याकडे जाताना लोकलच्या दारातून खाडी बघा. पाणी दिसतं, तिवरांची झाडं दिसतात, चिखलही दिसतो. त्या चिखलातली खेकड्यांची बिळं मात्र दिसत नाहीत. ती बघायची तर खाली उतरावं लागतं. दुर्बीण पोटात घालणं म्हणजे खाली उतरून बघणं. आणि पेशी तपासणं म्हणजे बिळात खेकडा आहे की नुसतं भोक आहे, याची खात्री करणं.

दुर्बिणीने पोटात बघण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. १९०१ साली गेऑर्ग केलिंग या जर्मन सर्जनने कुत्र्याच्या पोटात हवा भरून, मूत्राशय तपासायच्या नळीने आतले अवयव पाहिले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी हेच माणसांत केलं. त्यांचे रुग्ण होते पोटात पाणी साठलेले, म्हणजे जलोदराचे. पाणी का साठलं, हे पोट न उघडता कळावं, हा त्यांचा हेतू. म्हणजे या तंत्राचा जन्मच मुळी निदानासाठी झाला. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं वगैरे प्रकार पुढे १९८० नंतरच्या दशकात आले.

आपल्याकडे हे तंत्र आणलं मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. १९७२ साली, जे. जे. रुग्णालयात. लक्षात घ्या, पंचतारांकित खासगी रुग्णालयात नव्हे, गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात. त्या काळी आजच्यासारखे गल्लोगल्ली सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन नव्हते. पोट फुगलंय, ताप आहे, वजन उतरतंय, कारण कळत नाही, अशा रुग्णाचं पोट उघडून बघण्यावाचून गत्यंतर नसायचं. अशा वेळी एका छोट्या छिद्रातून आत डोकावणं हे गरीब देशालाही परवडणारं आहे, हे उदवाडियांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं. पुढे १९९० मध्ये त्यांनीच जे.जे.मध्ये भारतातली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि लोकांना त्यांचं नाव त्यासाठी ठाऊक झालं. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. मला स्वतःला त्यांचं १९७२ चं काम अधिक मोलाचं वाटतं.

आता थिएटरमध्ये काय घडतं ते सांगते. रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळ छोटा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत बघायला जागा होते. मग पाच किंवा दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाचं चित्र समोरच्या पडद्यावर मोठं होऊन दिसतं. आणखी एक-दोन बारीक छिद्रांतून चिमटे आणि नळ्या जातात.

यानंतर क्रम महत्त्वाचा. पोटात पाणी साठलेलं असेल, तर सर्जनने कशालाही हात लावण्याआधी ते सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. पाणी नसेल, तर शंभर-दोनशे मिलिलिटर सलाइन आत सोडायचं, यकृताच्या वर, प्लीहेच्या बाजूला आणि ओटीपोटाच्या तळाशी ते फिरू द्यायचं आणि परत ओढून घ्यायचं. तुपाचा डबा रिकामा दिसला, तरी गरम पाण्याने विसळल्यावर पाण्यावर तवंग येतो ना, तसंच हे. डोळ्यांना अस्तर स्वच्छ दिसत असतानाही धुवणात पेशी सापडू शकतात. हे धुवण आधीच घ्यायचं, कारण एकदा गाठीला चिमटा लागला, रक्त आलं, की मिळालेल्या पेशी आधीच सुटलेल्या होत्या की आत्ता सुटल्या, ते सांगता येत नाही.

त्यानंतर संशयास्पद दाण्याचा तुकडा घेतात. हा तुकडा माझ्याकडे आला, की मी तो काचपट्टीवर हलकेच टेकवते आणि उचलते. शिक्का मारावा तसं. तुकड्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी काचेला चिकटतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या डजन आणि पॅट्रिक या दोघांनी असं झटपट निदान करण्याची पद्धत १९२७ मध्येच प्रसिद्ध केली होती. गाठ खोल असेल, म्हणजे यकृतात किंवा आतड्यामागच्या लसिका ग्रंथीत, तर दुर्बिणीत बघत बघत लांब बारीक सुई तिच्यात घालून पेशी ओढून घेतात. काही पट्ट्या लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, काही हवेत वाळवायच्या. अल्कोहोलमधल्या पट्ट्यांना जो रंग देतात, तो जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक वंशाच्या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची 'पॅप' तपासणी पुष्कळ भगिनींना माहीत असेल, ती यांचीच. घाईच्या वेळी टोल्युइडिन ब्ल्यूसारखा एखादा झटपट रंग वापरला, तर पाच-दहा मिनिटांत पहिला अंदाज सांगता येतो.

हे सगळं करून हाती काय लागतं? दोन उदाहरणं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिले कल्याणकडचे एक गृहस्थ, साठीच्या आतबाहेरचे. जठराचा कॅन्सर एंडोस्कोपीत सिद्ध झालेला. सीटी स्कॅनमध्ये तो जठरापुरताच दिसत होता. मुलांचं म्हणणं, 'डॉक्टर, आता वेळ घालवू नका, काढून टाका.' सर्जनने सांगितलं, आधी दुर्बिणीतून बघू, मग ठरवू. मुलांना हा वाढीव खर्च वाटला. दुर्बिणीत पाहिलं तर यकृत चांगलं, अस्तर स्वच्छ, कुठे दाणा नाही. तरीही सर्जनने नियमाप्रमाणे धुवण घेतलं. सेंट्रिफ्यूज यंत्रात ते गरगर फिरवून तळाशी बसलेला साका मी काचपट्टीवर घेतला. त्यात काही पेशी अशा होत्या, की आतल्या चिकट द्रवाने त्यांचा केंद्रबिंदू एका कडेला ढकललेला, खड्याच्या अंगठीसारखा आकार. जठराच्या एका प्रकारच्या कॅन्सरची ही ओळख. मी त्या वेळी 'दाट संशय' एवढंच कळवलं. सर्जनने मोठं ऑपरेशन केलं नाही, छिद्रं शिवली आणि रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तीन दिवसांनी उरलेल्या साक्यावरच्या जादा तपासण्या आल्या आणि निदान पक्कं झालं.

मुलं माझ्याकडे आली. थोरला म्हणाला, 'मॅडम, म्हणजे बाबांचं ऑपरेशन अर्धवट सोडलं?' मी त्याला सांगितलं, अर्धवट सोडलं नाही, वेळेवर थांबवलं. धुवणात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणजे रोग जठराबाहेर पडला आहे. २०१० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जठराच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी सापडणं हे दूरवर पसरण्याएवढंच गंभीर धरलं जातं. अशा वेळी सुरुवातीलाच जठर काढलं, तर रुग्ण महिना-दोन महिने जखमेतून सावरण्यात घालवतो आणि ज्या औषधांची खरी गरज आहे ती लांबतात. या गृहस्थांना आधी केमोथेरपी दिली. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून धुवण घेतलं. ते स्वच्छ आलं. मग जठराचं ऑपरेशन झालं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, हे मी मुद्दाम सांगते. पुष्कळांचं धुवण औषधांनंतरही स्वच्छ येत नाही. पण कुठल्या रुग्णाला मोठ्या ऑपरेशनचा फायदा होईल आणि कुणाला नुसताच त्रास, हे ओळखायची वाट त्या ग्लासभर पाण्यातून जाते.

दुसरं उदाहरण डोंबिवलीच्या एका मुलीचं. वय बावीस-तेवीस. दोन महिन्यांत पोट फुगलं, जेवण जाईना, संध्याकाळी कणकण. सोनोग्राफीत पोटात पाणी. रक्तातलं सीए-१२५ नावाचं द्रव्य कितीतरी पट वाढलेलं. हे द्रव्य बीजाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं. सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिलं होतं, 'बीजाशयाचा पसरलेला कॅन्सर असण्याची शक्यता.' एका ठिकाणी तर आईवडिलांना स्पष्टच सांगण्यात आलं, की रोग शेवटच्या टप्प्यात आहे. आईचं रडणं थांबेना.

दुर्बीण आत गेली तेव्हा पडद्यावरचं चित्र पाहून थिएटरमध्ये सगळे गप्प झाले. अस्तरभर पांढरट दाणे, आतडी एकमेकांना चिकटलेली. डोळ्यांना हे अगदी पसरलेल्या कॅन्सरसारखं दिसतं. एका दाण्याचा तुकडा मी काचेवर टेकवला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कॅन्सरची एकही पेशी नव्हती. होते ते लांबट पेशींचे पुंजके, त्यांच्यामध्ये अनेक केंद्रं असलेल्या मोठ्या पेशी आणि मृत पेशींचा चुरा. क्षयरोगात दिसणारं चित्र. पोटाचा टीबी!

टीबीतही पोटात पाणी होतं, वजन उतरतं आणि ते सीए-१२५ सुद्धा वाढतं. आपल्या देशात पोटाच्या टीबीचे रुग्ण काही थोडेथोडके नाहीत. दुर्बीण, स्कॅन आणि रक्ताची तपासणी, तिघांनाही चकवण्याची ताकद या रोगात आहे. मी सर्जनना लगेच सांगितलं, आणखी एक तुकडा हवा आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, सलाइनमध्ये द्या. कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग ते वाढवून बघता येत नाहीत आणि कुठल्या औषधाला दाद देतील हेही कळत नाही. पेशी तिथल्या तिथे पाहण्याचा हा मोठा फायदा. पोटात दुर्बीण असतानाच कळतं, की आणखी काय घ्यायचं आणि कशात ठेवायचं. नंतर आठवण होऊन उपयोग नाही, रुग्णाला पुन्हा भूल द्यावी लागते. त्या मुलीच्या तुकड्यात जंतू सापडले. सहा महिने गोळ्या घेतल्या, सरकारी केंद्रातून त्या मोफत मिळाल्या. ती आता नोकरी करते.

तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, 'मग आधीच्या रिपोर्टात कॅन्सर कसा लिहिला?' तो कागद काढून मी त्यांना दाखवला. त्यात 'शक्यता' असं लिहिलेलं होतं. श्रोतेहो, स्कॅनचा अहवाल शक्यता सांगतो. तुमच्या कानावर पडेपर्यंत त्या शक्यतेचं निदान होतं आणि नातेवाइकांच्या तोंडी पोचेपर्यंत निकाल होतो. पेशी किंवा तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर हा शब्द पक्का धरू नका आणि कॅन्सर नाही, हेही पक्कं धरू नका.

आता या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात.

पोटाच्या अस्तराच्या स्वतःच्या पेशी असतात. जंतुसंसर्गाने, यकृताच्या आजाराने किंवा सूज आल्याने त्या चवताळतात, फुगतात, गटागटाने सुटतात आणि हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसू लागतात. पॅथॉलॉजिस्टची खरी परीक्षा इथे असते. म्हणून उरलेल्या साक्याची वडी करून, तिचे पातळ काप घेऊन त्यांना विशिष्ट प्रथिनांचे रंग देतात. काही प्रथिनं अस्तराच्या पेशींत असतात, काही कॅन्सरच्या. त्यावरून कोण कुठला, ते ठरतं. याला काही दिवस लागतात. दुसरं, धुवणात काही सापडलं नाही म्हणजे रोग नाहीच, असं होत नाही. पेशी सुटल्याच नसतील, तर त्या पाण्यात येणार कुठून? तिसरं, लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे लिम्फोमात, सुटट्या पेशी फक्त दिशा दाखवतात. नेमका प्रकार ठरवायला चांगला मोठा तुकडा लागतो.

म्हणून अहवालात 'आहे' आणि 'नाही' असे दोनच शब्द नसतात. २०२० मध्ये पोटातल्या आणि छातीतल्या पाण्याच्या अहवालांसाठी पाच वर्गांची आंतरराष्ट्रीय पद्धत आली. नमुना अपुरा, कॅन्सरच्या पेशी नाहीत, पेशी वेगळ्या दिसतात पण अर्थ निश्चित नाही, कॅन्सरचा संशय आणि कॅन्सर आहे, असे ते पाच वर्ग. मधले दोन वर्ग वाचून लोक वैतागतात. 'मॅडम, एक काय ते सांगा ना!' मी समजू शकते. पण खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक संशय बरा. संशयाला पुढची तपासणी असते. चुकीच्या खात्रीपुढे मात्र थेट चुकीचा उपचार उभा असतो.

आणखी एक. सापडलेल्या पेशींचा अर्थ प्रत्येक अवयवात सारखा नसतो. जठरात त्या फार गंभीर. बीजाशयाच्या कॅन्सरमध्ये त्यांच्यामुळे रोगाचा टप्पा बदलतो, पण तिथे शस्त्रक्रियेचं महत्त्व कायम राहतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर २००९ पासून त्यांच्यावरून टप्पा ठरवणंच बंद झालं. तेव्हा शेजारच्या काकूंच्या अहवालाशी आपला अहवाल ताडून पाहू नका.

आता त्या नेहमीच्या भीतीकडे येते. 'सुई टोचली, चाकू लागला, की कॅन्सर पसरतो' असं आपल्याकडे घरोघर म्हणतात. या एका वाक्यापायी माणसं महिनोन्‌महिने तपासणी टाळतात, झाडपाल्याकडे वळतात आणि मग येतात तेव्हा खरंच उशीर झालेला असतो. सुईच्या मार्गावर किंवा छिद्राच्या जागी कॅन्सर रुजल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत, ती मी नाकारणार नाही. पण ती क्वचित घडतात आणि न तपासता राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. काही गाठींना मात्र मुद्दाम सुई लावत नाहीत. बीजाशयाची गाठ पिशवीत नीट बंद असेल, तर ती न फोडता अख्खी काढतात, कारण फुटली तर रोगाचा टप्पा वाढतो. यकृतातली गाठ काढता येण्यासारखी असेल आणि स्कॅनवरून निदान स्पष्ट असेल, तर तिथेही सुई टाळतात. हायडॅटिड नावाच्या जंताच्या गाठीत सुई गेली आणि आतलं पाणी सांडलं, तर जिवावर बेतू शकतं. सुई कुठे घालायची नाही, हे कळणं हाही या शास्त्राचा भाग आहे. तो निर्णय अनुभवी डॉक्टरांवर सोडा, पण भीतीपोटी तपासणीच टाळू नका.

या तपासणीला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. दुर्बीण तर आता लहान रुग्णालयांतही असते. लागतो एक चांगला सूक्ष्मदर्शक, काही रंग आणि सर्जन व पॅथॉलॉजिस्ट यांचं आधी झालेलं बोलणं. पुष्कळदा हे शेवटचंच कमी पडतं. संध्याकाळी एखाद्या मुलाबरोबर बाटली येते. तिच्यावर नाव असतं, पण रुग्णाचं वय, काय शंका आहे, स्कॅनमध्ये काय दिसलं, यातलं काही नसतं. पाणी तासन्‌तास उन्हात राहिलेलं असतं. पेशी म्हणजे खाडीवरून आणलेली मासळी समजा. लगेच बर्फात घातली तर टिकते, नाहीतर नासते. नासलेल्या पेशींवरून कुणीही काही सांगू शकत नाही.

आपल्या भागातले पुष्कळ रुग्ण पुढच्या उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं आणि भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथली प्रयोगशाळा उभी केली. कॅन्सरचं निदान पेशी आणि ऊतींच्या पुराव्यावर झालं पाहिजे, ही शिस्त त्या पिढीने आपल्याला लावून दिली. ठाण्याहून धीम्या लोकलने परळ, नाहीतर ट्रान्स-हार्बरने टाटांच्याच खारघरच्या केंद्रात. जाताना फक्त अहवालाचा कागद नेऊ नका. प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या आणि घेतल्याची नोंद करा. तिथले तज्ज्ञ त्या पुन्हा तपासतात. पट्ट्या चांगल्या असतील, तर रुग्णाला पुन्हा सुई, पुन्हा भूल, पुन्हा खर्च हे फेरे टळू शकतात. खर्चाची अडचण असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्याला काय मिळू शकतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

शेवटी, आपल्या माणसाचं दुर्बिणीतून पोट तपासायचं ठरलं, तर डॉक्टरांना चार गोष्टी शांतपणे विचारा. पोटातलं पाणी किंवा धुवण तपासायला पाठवणार आहात का? पॅथॉलॉजिस्टना आधी कळवलं आहे का? टीबीची शंका असेल, तर एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय ठेवणार का? आणि पेशींचा अंतिम अहवाल येईपर्यंत कुठला निर्णय थांबवता येईल? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरं त्यांनी स्वतः आधीच शोधलेली असतात.

अहवाल येईपर्यंतचे ते तीन-चार दिवस फार कठीण असतात, हे मी रोज पाहते. लोक प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसतात. त्यांना मी सांगते, की आम्ही उशीर करत नाही, आम्ही खात्री करतोय. त्या चार दिवसांत कुणाला कॅन्सर झाल्याचं सांगून टाकू नका, रुग्णालाही नाही आणि नातेवाइकांनाही नाही. आधी पेशींना बोलू द्या.